चौथ्या शिंकेनंतर

आमच्या घरात सर्दीला तीन नावं आहेत. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, तिला नज़ला म्हणतात. शेजारच्या काकू पडसं म्हणतात. मुलं सर्दी म्हणतात, कारण जाहिरातीत सर्दीच असते. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे एका वस्तूला तीन शब्द दिसले की ते कुठून आले हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. नज़ला अरबी. त्याच्या मुळाशी खाली उतरण्याचा अर्थ आहे. जुने हकीम मानायचे की डोक्यातून काहीतरी खाली उतरतं, आधी नाकात, मग घशात, मग छातीत. पडसं हे संस्कृत 'प्रतिश्याय' या शब्दाचं झिजून झिजून उरलेलं रूप. आणि जी अगदी घरची वाटते ती सर्दी फारसी आहे. सर्द म्हणजे थंड. तेवढ्यावर थांबत नाही. आजार फारसी, जखम फारसी, तब्येत अरबी, इलाज अरबी, मलमसुद्धा तिकडचाच. माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश काढला, डॉ. यू. म. पठाण यांनी या दोन भाषांच्या नात्याचा अभ्यास केला. मी वर्गात मुलांना एवढंच सांगते, मराठी माणूस आजारी पडतो तो फारसीत आणि 'बरा' होतो तो मराठीत. मुलं हसतात. आपली आणि त्यांची भाषा असं काही वेगळं कपाट नसतं, हे त्यांना व्याकरणाच्या दहा तासांपेक्षा या एका वाक्याने लवकर कळतं.

या जानेवारीत हा धडा मला स्वतःच गिरवावा लागला.

मी मूळची नांदुऱ्याची. बुलढाणा जिल्ह्यात कुणी कुठलं विचारलं की पहिला प्रश्न असतो, घाटावरचे की घाटाखालचे? नांदुरा, मलकापूर, शेगाव, खामगाव घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. लग्न होऊन बुलढाण्यात आले तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात कळलं की घाट चढून येणं म्हणजे काय. साडेसहाशे मीटरच्या आसपासची उंची काही महाबळेश्वराची नाही, पण राजूर घाट संपून गाव लागलं की वारा बदलतो. माहेरी एका चादरीवर भागायचं, इथे रजई लागली. त्यात सकाळची एसटी. मी शिकवते ती शाळा वीसेक किलोमीटरवर, आणि त्या गाडीच्या खिडक्यांना काचा असल्या तरी त्या पूर्ण लागतातच असं नाही.

शनिवारी ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती झाली. मुलींनी भाषणं केली, मी सूत्रसंचालन. रविवारी घसा खवखवला. सोमवारी दुसऱ्या तासाला 'ळ' शिकवत होते. उर्दू लिपीत ळ नाही, आमच्या मुलांच्या जिभेलाही तो सवयीचा नाही. त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा मी सगळ्या वर्गाला एका सुरात 'काळा कावळा, पिवळा पोपळा' असलं काहीबाही म्हणायला लावते. (पोपळा असा पक्षी नाही, मला माहीत आहे. मुलांनाही माहीत आहे. त्यांना तोच आवडतो.) तिसऱ्या वेळेला माझ्या तोंडून नुसती हवा आली. मुलांना वाटलं बाई नक्कल करताहेत.

परतीच्या गाडीत खोकल्याची उबळ आली आणि मी ओढणी तोंडाशी दाबून धरली. इथे थोडं थांबते. माझ्यासारख्या पेहरावातल्या बाईला गाडीत खोकला दाबायची सवय कधीपासून लागली, हे मला नेमकं सांगता येतं. २०२० च्या एप्रिलपासून. दिल्लीच्या निज़ामुद्दीनच्या बातम्या रात्रंदिवस चालायच्या ते दिवस. औषधाच्या दुकानासमोर चुन्याने आखलेल्या गोलात मी उभी होते, पुढचा माणूस तंबाखू मळत होता, त्याचा चुना-तंबाखू उडून मला ठसका लागला. रांगेतून एक वाक्य आलं. ते इथे लिहीत नाही, तुमच्यापैकी अनेकांनी तसलं वाक्य ऐकलेलं आहे, आणि ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांनी अंदाज करावा. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं असं म्हटलं. निकाल मी पूर्ण वाचला होता. पण न्यायालय गुन्हा रद्द करू शकतं, ठसका नाही. तो गाडीत बसलं की आधी इकडेतिकडे बघतो.

यावेळी कुणी काही म्हणालं नाही. बाजूच्या सीटवरच्या आजीने कनवटीची पिशवी सोडून चिमूटभर ओवा माझ्या तळहातावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

घरी आले आणि सरळ मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. कारण अम्मी. अम्मींचं वय बहात्तर. लग्न झाल्यापासून चाळीसेक वर्षं त्यांनी पऱ्हाट्या आणि तुराट्यांच्या चुलीवर सैपाक केला. कापूस वेचून झाला की शेतात उभ्या राहतात त्या पऱ्हाट्या, फुकटचं सरपण. आमच्या वऱ्हाडात किती बायकांची छाती त्या धुराने खाल्ली असेल. बिडी न ओढता त्यांना बिडी ओढणाऱ्याचा दमा जडला. रोज दोन वेळा पंप घ्यावा लागतो. मला झालेली सर्दी ही सर्दी आहे. दोनशेच्या वर विषाणू आहेत सर्दीचे, त्यातला कुठला तरी एक, आठ-दहा दिवस राहून जाईल. तोच विषाणू अम्मींच्या छातीत गेला तर आठ-दहा दिवसांचा हिशोब चालत नाही. तीन वर्षांपूर्वी एका साध्या पडशाने त्या सहा दिवस ऑक्सिजनवर होत्या. म्हणून घरात नियम केला आहे, ज्याला सर्दी होईल तो मागच्या खोलीत, ताट-पेला वेगळा, बाहेर येताना मास्क. हा नियम मुलांना मान्य, ह्यांना मान्य. फक्त जिच्यासाठी केला तिला मान्य नाही.

"दुल्हन, दरवाज़ा कायकू लगाई?"

एकोणीस वर्षं झाली, मी अजून दुल्हन आहे. मला उत्तर द्यायला आवाज नव्हता. मोठीने बाहेरून समजावलं, दादी, अम्मीला सर्दी आहे, तुम्ही जवळ जायचं नाही. अम्मी म्हणाल्या, सर दबाने से क्या होता? मोठी यंदा दहावीला आहे आणि वादात तिला कुणी हरवत नाही. तिने हदीसच काढली. आजारी उंट निरोगी उंटांत नेऊ नयेत असं सांगितलेलं आहे. थोडा वेळ शांतता. मग अम्मींचा आवाज, "तो मैं ऊंट हूँ क्या?"

खाटेवर मी तोंडात रजई कोंबून हसले आणि त्या हसण्यातून खोकल्याची अशी उबळ आली की दोघी गप्प झाल्या.

अम्मी दारापुढून हलल्या नाहीत. ओसरीतून त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढून आणवली आणि माझ्या खोलीच्या बंद दारापासून चार हातांवर ठेवली. तिथेच तसबीह, तिथेच तूर निवडणं, तिथेच दुपारची डुलकी. मला शिंक आली की मी आतून बसक्या घशाने अल्हम्दुलिल्लाह म्हणायचे आणि बाहेरून यरहमुकल्लाह यायचं. मुस्लिमेतर वाचकांसाठी सांगते, शिंकणाऱ्याने देवाचे आभार मानायचे आणि ऐकणाऱ्याने 'अल्लाह तुझ्यावर दया करो' म्हणायचं, असा आमच्यात रिवाज आहे. एकमेकांवरचा हक्कच मानतात तो. पण त्यातही एक व्यवहारी सवलत आहे. हदीसमध्येच म्हटलंय की तीनदा उत्तर द्या, त्यापुढे आलेली शिंक म्हणजे ज़ुकाम. चौथ्या शिंकेला बाहेरून आवाज आला, "अब ये नज़ला है. अब जवाब नहीं देती मैं. जोशांदा पी."

जोशांदा हे अम्मींचं खातं. त्यांचे वडील कुणी हकीम नव्हते, खामगावला जिनिंगमध्ये हमाली करायचे. पण कापसाच्या कणांनी सतत खोकणाऱ्या त्या घरात जोशांदा रोजचा होता. पंसाऱ्याकडून पुड्या आणायच्या. उन्नाब, हे बोराच्या जातीचं लाल सुकं फळ. सपिस्तां, म्हणजे आपलं भोकर, वाळवलेलं. मुलेठी, म्हणजे ज्येष्ठमध. थोडा बनफशा, थोडं गावज़बान. नावं ऐकून इराणचा बाजार डोळ्यांपुढे येतो, आणि त्यातलं निम्मं आपल्या बांधावरचं निघतं. रात्री भिजत घालायचं, सकाळी उकळून निम्मं करायचं, गाळून खडीसाखर घालून गरम प्यायचं. चव? चिकट, गोडसर, मागून कडू. घसा त्याने मऊ पडतो हे खरं. सर्दी त्याने एक दिवस तरी लवकर जाते का, याची मी हमी देणार नाही. अम्मींनाही मी हे सांगून झालंय. त्या म्हणतात, आठ दिवस तर आठ दिवस, सुक्या घशाने काढायचे की ओल्या?

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

हा जोशांदा मोठी उकळायची, अम्मी खुर्चीवरून हुकूम सोडायच्या, धाकटा तो दाराशी स्टुलावर ठेवून दार वाजवून पळायचा. सोबत दम केलेल्या पाण्याचा तांब्या. अम्मी सूरह फातिहा पढून त्या पाण्यावर फुंकर घालायच्या. फुंकर त्यांच्याकडून माझ्याकडे येत होती, माझ्याकडून त्यांच्याकडे नाही, त्यामुळे नियमात बसत होतं. दुसऱ्या दिवशी स्टुलावर विटेचा एक स्वच्छ तुकडा दिसला. थंड पाण्याने वज़ू नको, तयम्मुम कर, असा त्याचा अर्थ. बंबात गरम पाणी असताना तयम्मुमची गरज नव्हती, पण तो तुकडा मी परत पाठवला नाही.

चौथ्या दिवशी भिंतीवरून काकूंचा काढा आला. गवती चहा, आलं, मिरे, तुळस, गूळ. काकूही माझ्यासारख्याच घाटाखालच्या, संग्रामपूरकडच्या. अम्मींनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, इसमें मुलेठी नहीं डाली. तिकडून भिंतीपलीकडून काकू म्हणाल्या, "तुमच्या त्या काढ्यात मिरे टाकत नाई काय वं?" दोघींची पंधरा मिनिटं चर्चा चालली, एक उर्दूत, एक वऱ्हाडीत, आणि दोघींना दुसरीचं सगळं समजत होतं. मी दोन्ही प्याले. एकाला नाही म्हटलं असतं तर घरात नाही, गल्लीत भांडण झालं असतं.

ह्यांचा इलाज तिसरा. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्यांचं, आणि यंत्र बिघडलं की पार्ट बदला असा स्वभाव. पाचव्या दिवशी मेडिकलमधून तीन कॅप्सूलची पट्टी घेऊन आले. चिठ्ठी नाही, विचारणा नाही, मागितली आणि मिळाली. मी पट्टी उलटी करून लाल उभी रेघ दाखवली. २०१६ पासून सरकार सांगतंय, लाल रेघेची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. सर्दी विषाणूची, ही गोळी जिवाणूची. कुलपाला दुसऱ्याच कुलपाची किल्ली. आणि उगाच खात राहिलं की खरंच गरज पडेल तेव्हा ती चालत नाही. अम्मींच्या छातीला कधी तरी ती गोळी लागणार आहे, त्या दिवशी ती चालायला हवी. हे सगळं मी पाटीवर लिहून दाखवलं, कारण आवाज नव्हता. ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, लिहून भांडणारी बायको पहिल्यांदा बघतोय.

मुलांना खोकल्याचं औषध मात्र ऑक्टोबरपासून घरात बंद. छिंदवाडा आमच्यापासून फार लांब नाही, नागपूर ओलांडलं की आलंच. तिथली मुलं सर्दी-खोकल्याचीच होती. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, मूत्रपिंडं गेली, वीसहून जास्त लेकरं गेली, त्यांतली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत. त्या आठवड्यात मी फ्रिजच्या दारातली अर्धवट बाटली काढून टाकली तेव्हा माझे हात थंड पडले होते. आमच्या जिल्ह्याला भीती तशी नवी नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगण्याकडे माणसांचे केस पुंजक्यांनी गळत होते आणि देशभरचे कॅमेरे आले होते. माहेरचे सगळे तेव्हा पाणी उकळून नुसतं डोकं धूत होते.

घर चाललं. कसं चाललं ते मी खोलीतून कानांनी बघितलं. भाकरीचा पहिला दिवस थापण्याच्या आवाजावरूनच कळला. मोठीची भाकरी परातीला चिकटत होती. ज्वारीच्या पिठाला उकळतं पाणी पाहिजे आणि तळहाताने मळायला पाहिजे, बोटांनी नाही. हे सांगायला मला ओरडता येईना. अम्मींनी खुर्चीवरून सांगितलं. तिसऱ्या दिवशी भाकरीला पोपडा सुटल्याची बातमी धाकट्याने दाराखालून चिठ्ठी सरकवून दिली. आनंद झालाच, पण एक गोष्ट खटकली. दहावीची परीक्षा महिन्यावर आलेली पोरगी भाकरी थापते आणि सातवीतला पोरगा बातम्या पोचवतो. मी त्याच चिठ्ठीच्या मागे लिहिलं, भांडी धाकट्याने घासायची, आजपासून, मी बरी झाल्यावरही. अम्मींनी कुरकुर केली, लड़का है. ह्यांनी मात्र स्वतः मसूरच्या खिचडीचं पातेलं उतरवून पोराला राख आणि काथ्या दिला. खिचडी खाली लागली होती, ते मला पातेलं घासण्याच्या वेळेवरून कळलं.

शाळेतही कुणी तरी माझे तास घेत होतं. आमच्याकडे शिक्षक मोजके, एक गेला की दुसऱ्याच्या गळ्यात दोन वर्ग. विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या सहकारी बाईंनी सात दिवस मराठीचे तास ओढले. २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्याच शाळांत सक्तीची झाली, आमच्याकडे ती आधीपासून होतीच. पण शिकवायला जीभ लागते, आणि त्या बाईंची मातृभाषा उर्दू, त्यांनाही ळ अवघड. रात्री मला व्हॉट्सॲपवर आवाजाची फाईल पाठवायच्या, "आपा, ये सही है क्या?" आणि मी अंगठा पाठवायचे.

९ तारखेला, फातिमा शेख यांच्या जयंतीला, मी अजून खोलीतच होते. गेल्या वर्षी याच दिवशी एक गृहस्थ समाजमाध्यमावर म्हणाले की फातिमा शेख नावाचं कुणी नव्हतंच, आपणच ते पात्र रचलं. आठवडाभर धुरळा उडाला. त्या वादात ज्या पत्राचा दाखला सगळ्यांनी दिला, ते पत्र मी यावेळी आजारपणात पुन्हा वाचलं आणि मला ते पूर्वी कधी दिसलं नव्हतं तसं दिसलं. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ ला नायगावहून, माहेराहून, जोतिबांना लिहिलेलं. आपण इतिहासासाठी वाचतो म्हणून विसरतो, ते मुळात आजारातून उठलेल्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. तब्येत आता बरी आहे, भावाने सेवा केली, हे आधी. भावाशी झालेला वाद मध्ये. आणि पुण्याच्या कामाची काळजी. आपण नसल्यामुळे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा भरवसा. जन्मतारीख, घराणं, फोटो यांवर भांडणाऱ्यांनी भांडावं. आपल्या गैरहजेरीत कोण जास्तीचे तास घेतंय हे आजारी शिक्षिकेला पक्कं माहीत असतं. ती माणसं खोटी रचून पतीला पत्र लिहीत नाही. माझ्यापुरता पुरावा तेवढा पुरतो. मी सहकारी बाईंना त्या पत्रातला तो भाग पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "कुरकुर तो मैं करूंगी आपा, सोमवार को आ जाओ."

सोमवारी मी गेले नाही. कारण रविवारी, ११ तारखेच्या रात्री, दोनच्या सुमारास दाराबाहेर खोकला ऐकू आला आणि तो माझा नव्हता.

मास्क लावून बाहेर आले. अम्मी पलंगावर उठून बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, दम्याची माणसं बसतात तशा. ह्यांनी कपाटाच्या खणातून ऑक्सिमीटर काढला. २०२१ चा, अब्बांच्या वेळचा. बटण दाबलं, काही नाही. सेल सडले होते. धाकट्याने टीव्हीच्या रिमोटमधले काढून घातले. अम्मींचं बोट आत घातलं आणि आकडा आला ८७. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, नव्वदच्या खाली गेलं तर सकाळची वाट बघायची नाही. ह्यांनी गाडीची किल्ली घेतली. मला मात्र अम्मींचा हात बर्फासारखा लागला. हात गार असला की हे यंत्र खोटं बोलतं, आणि त्यात त्यांच्या बोटांच्या टोकांना गडद मेंदी. मी गरम पाण्याची पिशवी आणली, त्यांचे दोन्ही तळवे तिच्यावर धरले, मेंदी नसलेला अंगठा निवडला. पाच मिनिटं. घरातले सगळे त्या लाल दिव्याकडे बघत उभे. ८९. ९१. मग ९४ वर थांबला. त्यांचा नेहमीचा आकडा.

"चौरानवे," मोठी म्हणाली.

"पास हूँ कि फेल?" अम्मींनी विचारलं.

पंप दिला, कोमट पाणी दिलं. मी सगळ्यांना झोपायला पाठवलं आणि त्यांच्या पलंगापासून चार हातांवर तीच खुर्ची ओढून बसले. तेव्हा अम्मी बोलल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये अब्बांना नेलं तेव्हा गाडीचं मागचं दार बंद झालं, ते शेवटचं. नऊ दिवस फोनवर दुसरंच कुणी बोलायचं. दफनाला चार माणसं. हे सगळं मला माहीत होतं, मी घरातच होते. जे माहीत नव्हतं ते त्यांनी आता सांगितलं. त्या म्हणाल्या, आत जाऊ देऊ नका, मान्य, मला डॉक्टरांशी भांडण नाही. बाहेर बसू दिलं असतं तरी चाललं असतं. एक खुर्ची. "उनकी खाँसी तो सुनती मैं."

एवढं बोलून त्या कूस बदलून झोपल्या. मी फजरपर्यंत त्यांचा श्वास मोजत बसले. मिनिटाला अठरा, वीस, कधी बावीस.

सकाळी डॉक्टरांनी छाती तपासली. सर्दी लागली होती, पण वरच्या वर होती. पंपाचा डोस चार दिवस वाढवला, बाकी काही नको म्हणाले. आता मागच्या खोलीत अम्मी गेल्या आणि बाहेर खुर्चीवर मी आले. माझा आवाज अजून कांस्याच्या फुटक्या भांड्यासारखा होता, तरी चौथ्या शिंकेनंतरही मी उत्तर देत राहिले. आतून ओरडा आला, "हदीस नहीं पढ़ी क्या तू?"

बुधवारी संक्रांत. उन्हं अंगणात आली तशा अम्मींना बाहेर आणून पायरीवर बसवलं. काकू वाटी घेऊन आल्या. त्या घाटाखालच्या, आणि घाटाखाली ळ चा य होतो, डोळा म्हणजे डोया, गूळ म्हणजे गुय. म्हणाल्या, "घ्या वं, तियगुय घ्या, गोड बोला." अम्मींनी दोन वड्या उचलल्या, एक मला दिली आणि म्हणाल्या, हाँ हाँ, तिलगुल. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मराठीच्या बाई ना मी. मी तोंड उघडलं, घसा खरवडला, आणि मधल्या ळ वर आवाज पुन्हा गेला.

काकू म्हणाल्या, "राहू द्या मॅडम, खा आधी."